जावेची सेव्हन सीटर

माझ्या धाकट्या जावेच्या गाडीवर मी नऊ वर्षं जळत होते, हे आधीच सांगून टाकते. नंतर कोणी म्हणायला नको की बाईनं लपवून ठेवलं. जावेवर नाही, गाडीवर, असं मी स्वतःला समजावत असे. जाऊ तशी बरी आहे. कमी बोलते, पुरणाचा अंदाज तिचा माझ्यापेक्षा चांगला आहे. पण गाडीला मनातल्या मनात शिव्या घालताना दोन-चार मालकिणीच्या अंगावर उडायच्याच, त्याला माझा इलाज नव्हता.

दीर-जाऊ अकोल्याला राहतात. दिरांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे आणि हिवरखेडची शेतीही तेच बघतात. सासू-सासरे त्यांच्याकडेच. आम्ही अमरावतीला. आमचे हे नांदगाव पेठेतल्या एका कापड कारखान्यात आहेत, मी शाळेत गणित शिकवते. तेव्हा आमच्याकडे एक लहान गाडी होती. चार माणसं बसली की पाचव्यानं बाहेरून दार लावून घ्यायचं आणि मागून एसटीनं यायचं, एवढी. तेवढ्यात आमचं छान चाललं होतं. मग एका दसऱ्याला दिरांनी पांढरीशुभ्र सेव्हन सीटर दारात आणून उभी केली, झेंडूची माळ घातलेली, आणि त्या दिवसापासून माझं चित्त ठिकाणावर राहिलं नाही.

मी घरातली थोरली सून. लग्न असो, बारसं असो, आधी मला विचारायचं आणि मग पुढचं, अशी बारा वर्षांची रीत होती. गाडी आल्यावर पहिला फोन अकोल्याला जाऊ लागला. सल्ला माझा होता, पण सल्ल्यात कोणाला बसून लग्नाला जाता येत नाही.

एकदा सासूबाईंच्या माहेरी, शेंदूरजनाघाटला लग्न होतं. पुढे त्यांची गाडी, मागे आमची. वरूडच्या पुढे रस्त्याचं काम चाललं होतं, तिथली सगळी धूळ आम्ही खाल्ली. निघताना मामेसासऱ्यांनी बागेतल्या संत्र्यांच्या सहा पेट्या काढल्या आणि गड्याला म्हणाले, "मोठ्या गाडीत टाक रे सगळ्या. त्या लहानीत काय मावते?" सहाच्या सहा अकोल्याला गेल्या. आठवड्यानं जावेनं त्यातल्या दोन आमच्याकडे पाठवल्या. मी त्यातलं एकही संत्रं खाल्लं नाही, शाळेत वाटून टाकली. गोड होती म्हणतात.

हे सगळं मी सहन केलं असतं. महालक्ष्म्यांचं मात्र सहन होत नव्हतं.

आमच्या घरच्या महालक्ष्म्या एक वर्ष अकोल्याला बसतात आणि एक वर्ष अमरावतीला. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोन बहिणी, पितळेचे मुखवटे. पोळा झाला की चांगला दिवस पाहून मुखवटे या घरून त्या घरी नेतात. ते डिकीत जात नाहीत, पिशवीत जात नाहीत. तांदूळ पसरलेल्या सुपलीत, खणानं झाकून, घरच्या सवाष्णींच्या मांडीवर बसून जातात. आणि सासूबाईंचा एक नेम होता. दोघी अगदी लागून बसल्या पाहिजेत, दोघींच्या मधून वाट जाता कामा नये. मधून वाट गेली तर घरातल्या भावाभावांत अंतर पडतं, असं त्यांना त्यांच्या सासूबाईंनी सांगितलेलं. सासूबाई एरवी फार सोवळ्याओवळ्याच्या नव्हत्या, पण या एका गोष्टीत त्या कोणाचं ऐकत नसत.

पूर्वी भाड्याच्या जीपनं हा प्रवास व्हायचा. गाडी आल्यापासून जावेच्या गाडीतून होऊ लागला. ज्येष्ठा सासूबाईंच्या मांडीवर, कनिष्ठा माझ्या. पुढे दीर आणि मामाजी, म्हणजे आमचे सासरे. मधल्या लांब सीटवर सासूबाई, मी आणि आमचे हे. बाकीचे मागे.

अमरावतीचं वर्ष असलं की आमच्या फाटकाशी गाडी थांबायची आणि गल्ली गोळा व्हायची. शेजारच्या वकिलीणबाई पाण्याचा तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन उभ्या असायच्या. मी उतरायचे, पायावर पाणी पडायचं, तुकडा ओवाळून टाकला जायचा, कोणीतरी फोटो काढायचं. मग वकिलीणबाई गाडीकडे मान वळवून म्हणायच्या, "काही म्हणा, जाऊबाईंची गाडी ऐसपैस आहे हो." माझ्या हातात साक्षात महालक्ष्मी, आणि कौतुक कशाचं, तर गाडीचं. मी हसून फाटकातून आत वळायचे.

आणि जाऊ स्वतः? ओवाळणं आटोपून सगळे आत वळले की ती मागून सावकाश यायची. साडी चुरगळलेली, हातात कसली तरी पिशवी. फाटकातल्या एकाही फोटोत ती नाही. गाडीवाल्या बाई त्यांच्या सवडीनं येतात, असं मी मनात म्हणायचे. एकदा ह्यांच्याजवळ मोठ्यानंही म्हटलं होतं.

गेल्या थंडीत सासूबाई गेल्या. त्याआधीच्या भाद्रपदात महालक्ष्म्या अकोल्याला बसल्या होत्या, त्या तिथेच राहिल्या. पुढची पाळी अमरावतीची होती. होळी झाल्यावर दिरांचा फोन आला.

"वयनी, आमी गाडी काढून राहिलो," ते म्हणाले. "पोरं शिकाले बाहेर गेले, आता एवढी मोठी गाडी कोनाले पायजे? लहानी घेतो एखादी. म्हटलं बाहेर द्यायच्या आधी तुमाले विचारून पाहावं. घरची गाडी घरात राहीन."

हे लगेच खूश. फोनवरच हो म्हणायला निघाले होते, मी डोळे वटारले म्हणून थांबले. जावेनं नेसून झालेली साडी मी कधी नेसले नाही, आणि आता तिनं वापरून झालेली गाडी मी माझ्या दारात लावू? वकिलीणबाई काय म्हणतील, ते मला फोन हातात असतानाच ऐकू येत होतं. पण दिरांना तोंडावर नाही म्हणता येईना. मी म्हटलं, "बघू भाऊजी. जुनी गाडी आहे, तपासल्याशिवाय कसं सांगणार?"

आमचा ओळखीचा मिस्त्री बडनेरा रस्त्याला गॅरेज चालवतो. त्याला घेऊन आम्ही एका रविवारी अकोल्याला गेलो. अकोल्याचा उन्हाळा कसा असतो ते विदर्भात कोणाला सांगायला नको. सकाळी दहालाच अंगणातल्या फरशीवर पाय ठरत नव्हता. मिस्त्री बॉनेट उघडून वाकला आणि मी शाळेची वही आणि लाल पेन काढलं. पंचवीस वर्षं पेपर तपासले आहेत. नापास करायचंच ठरवलं तर कोणताही पेपर नापास करता येतो, हे मला माहीत आहे. फक्त नीट शोधावं लागतं.

मिस्त्रीनं डिपस्टिक काढली, पुसली, पुन्हा घालून पाहिली. गाडी चालू करून ऑइलचं झाकण उघडलं आणि हात वर धरला. "धूर नाई, ताई," तो म्हणाला. मी काही लिहिलं नाही. त्यानं दारांचं रबर सोडवून आतला पत्रा पाहिला. "कुठी वेल्डिंग नाई. धडकेल नाई गाडी." गालिचा उचलून गंज पाहिला, नव्हता. सर्व्हिसची वही पाहिली, पानोपानी शिक्के. मीटरचा आकडा वहीशी जुळत होता. मिस्त्री जसजसा खूश होत होता तसतसा माझा जीव कडू होत होता. गाडीतून एक चक्कर मारून आल्यावर तर त्यानं दिरांचा हातच हातात घेतला. "कोन चालवते? लय जपून चालवेल हाय गाडी."

मग मी स्वतः कामाला लागले. डावीकडच्या मागच्या दाराचा पांढरा रंग बाकीच्या पांढऱ्यापेक्षा जरासा पिवळट होता, तो लिहिला. टायर जुने, लिहिलं. मागच्या चाकाचा एक शॉकअब आवाज करतो, लिहिलं. बंपरला कोपऱ्यात ओरखडा. छतातल्या मागच्या एसीची हवा कमजोर. मधली लांब सीट पाहिली, तिच्यात काही सापडेना. नऊ वर्षं मी तिच्यावर बसले होते, ती चांगलीच होती.

मधली सीट पाडून मी मागच्या रांगेत डोकं घातलं. डाव्या कोपऱ्यातली गादी पार दबलेली होती. कापड विरलं होतं, उजवीकडचं मात्र जवळजवळ नवं. आणि खिडकीच्या बाजूच्या अस्तरावर तळहाताएवढा एक तपकिरी, तेलकट डाग होता. मी बोटानं घासून वास घेतला. खोबरेल.

"सीट बसेल हाय," मिस्त्री माझ्या खांद्यावरून पाहत म्हणाला. "कोनी लय बसलं अथी."

मी अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "मागची सीट बसलेली, अस्तर घाण, तेलकट. हे तर बदलावंच लागेल." आणि ते लाल पेनानं लिहून खाली रेघ मारली.

जाऊ ताकाचे ग्लास घेऊन ओट्यावर उभी होती. "हाव ताई," ती म्हणाली. "ते डाग निंगतच नाई. लय घासून पायलं म्या."

"पोरांना तेव्हाच शिस्त लावायला हवी होती," मी म्हटलं.

तिनं मला ताक दिलं. जिरं लावलेलं, थंडगार, आणि तेही चांगलंच झालं होतं.

वहीत चौदा दोष जमले. मिस्त्री मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, मी तुमच्याकडून आलो म्हनून सांगतो. हे चवदा गोष्टी काईच नाई. अशी गाडी बाजारात भेटत नाई. डोये मिटून घ्या." मी म्हटलं, बघते. आणि जेवण झाल्यावर बैठकीत, सासऱ्यांच्या समोर, मी ते चौदाही दोष वाचून दाखवले. दीर मान हलवत होते. आमचे हे पंख्याकडे पाहत होते. शेवटी मी म्हटलं, "मागची सीट अशी, शॉकअब तसा, एवढा खर्च करून जुनी गाडी कशाला?" जाऊ स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती मध्ये एकदाही बोलली नाही, याचाही मला राग आला.

पंधरा दिवसांत ती गाडी विकली गेली. घेणाऱ्यानं एकदा चालवून पाहिली आणि हो म्हटलं.

आता आम्हाला सेव्हन सीटर घेणं भागच होतं, म्हणजे मला होतं. अमरावतीतल्याच एका डॉक्टरांची गाडी विकायला होती. जावेच्या गाडीपेक्षा एका वर्षानं जुनीच. मिस्त्री बॉनेटमध्ये डोकं घालून बराच वेळ बाहेर आला नाही, आणि आल्यावर नुसतं "चालते" म्हणाला. पण मी तोपर्यंत मधलं दार उघडून आत बसले होते. तिच्यात मध्ये लांब सीट नव्हती. दोन स्वतंत्र खुर्च्या होत्या, कॅप्टन सीट म्हणतात त्या. हात ठेवायला दोन्हीकडे दांड्या, पाठ मागे सोडायला कळ. राजाराणीनं बसावं तसं. जावेच्या गाडीत हे नव्हतं.

"लांब सीट असती तर एक माणूस जास्त बसलं असतं," हे म्हणाले.

"आपल्याला माणसं कोंबायची नाहीत," मी म्हटलं.

त्या गाडीत मला एकही दोष दिसला नाही. वही पर्समधून काढलीच नाही. मागची रांग तर वळूनसुद्धा पाहिली नाही, तिथे पिशव्या ठेवता येतील एवढं ठरवलं आणि खुर्चीवर हात टेकून बाहेर बघत बसले. मला दिसत होतं की फाटकाशी आमची गाडी थांबली आहे, मधलं दार उघडलं आहे, मी ज्येष्ठेला घेऊन उतरते आहे, आणि वकिलीणबाई म्हणताहेत, वा, ही तुमची का? तेवढ्यासाठी मी ती गाडी घेतली. दुसरं कारण नव्हतं, आज कबूल करते.

पोळा झाला. मुखवटे आणायच्या आदल्या दिवशी आम्ही नवी जुनी गाडी घेऊन अकोल्याला गेलो. जाऊ कुंकवाची कुयरी घेऊनच बाहेर आली. बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकांवर पाणी घातलं, गाडीभोवती एक फेरी मारली. "मस्त गाडी हाय, ताई," ती म्हणाली. मी तिचा चेहरा बारकाईनं पाहिला. कुठे काही दुखलंय का, नाक किंचित मुरडलंय का. काही सापडलं नाही, आणि मला खोटं कशाला बोलू, निराशाच झाली.

सकाळी पूजा झाली. मुखवटे उचलायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनाच सासूबाई आठवल्या. मग मामाजीच म्हणाले, "ज्येष्ठा आता थोरलीकडे. कनिष्ठा धाकटीकडे." आम्ही दोघींनी पदर पसरून सुपल्या घेतल्या. जावेच्या हातात महालक्ष्मी मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिली.

मी डावीकडच्या खुर्चीत बसले, ती उजवीकडच्या. मामाजी काठी टेकत दाराशी आले आणि तिथेच थांबले. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

"मधात वाट हाय हे," ते म्हणाले.

होतीच. दोन खुर्च्यांच्या मधून मागच्या रांगेकडे जायला वीतभर रुंद वाट होती. गाडी करणाऱ्यांनी ती मुद्दाम ठेवलेली असते. मी त्या गाडीत चार महिने बसत होते, त्या वाटेनं पर्स मागे टाकत होते, आणि माझ्या डोक्यात ही गोष्ट एकदाही आली नव्हती. ह्यांनी सुचवलं, मध्ये उशी ठेवू. दीर म्हणाले, साड्यांची पेटी बसते का पाहू. मामाजींनी दोघांकडे पाहिलं.

"तुमच्या मायले चाललं असतं काय?"

त्यावर दोन्ही भावांनी माना खाली घातल्या. गाडीत सलग सीट एकच होती. सगळ्यात मागची.

आणि माझ्याच गाडीच्या मागच्या रांगेत कसं शिरायचं ते मला येईना. सुपली हातात, पदर खांद्यावरून घसरतोय, डोकं छताला लागतंय. जाऊ खाली उतरून माझ्याजवळ आली. "ताई, सुपली त्या खुर्चीवर ठेवा. आता डावा पाय आत घ्या. डोकं खाली, अजून खाली. मंग तथीच वळा आन् बसा." मी बसले. तिनं ज्येष्ठा माझ्या मांडीवर दिली, स्वतः कनिष्ठा एका हातात तोलून माझ्यासमोरून सरकली आणि डाव्या कोपऱ्यात जाऊन बसली. साडीची एक निरीही हलली नाही. दोन्ही सुपल्या काठाला काठ लागल्या. पुढे दोघे भाऊ, माझ्या त्या खुर्चीत मामाजी आणि दुसरीत साड्यांची पेटी, असे आम्ही निघालो.

गाडी तपासणाऱ्या सगळ्यांना मी आता एकच सांगते, सगळ्यात आधी मागच्या रांगेत बसून पाहा, आणि दार लावून. गुडघे हनुवटीला लागतात. समोर रस्ता दिसत नाही, माणसांच्या टकलांच्या मागच्या बाजू दिसतात. एसीची हवा मामाजींपर्यंत येऊन संपत होती. चाक बरोबर आपल्या खाली असतं, त्यामुळे बोरगावजवळच्या प्रत्येक खड्ड्यानं माझी विचारपूस केली. पुढे हे आणि भाऊजी मजेत गप्पा मारत होते, त्यातला एक शब्द ऐकू येत नव्हता. मी दोनदा हाक मारली, त्यांनाही माझी ऐकू गेली नाही. थोड्या वेळानं मला मळमळायला लागलं.

"खिडकीतून पाहू नका, ताई," जाऊ म्हणाली. "पुढच्या खुर्चीच्या दांडीकडे पायत राहा." कमरेच्या कनवटीतून तिनं एक पुडी काढली आणि माझ्या तळहातावर दोन लवंगा ठेवल्या. "दाढेखाली धरा. मूर्तिजापूरपर्यंत तरास होते, मंग सवय पडते."

मी लवंगा दाढेखाली धरल्या आणि दांडीकडे पाहत राहिले. मूर्तिजापूर आलं. सवय काही पडली नाही, पण मळमळ थांबली. मी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिनं दोन्ही पाय तिरपे करून पुढच्या खुर्चीखाली सारले होते, सुपली घट्ट धरली होती आणि डोकं कोपऱ्यात, खिडकीच्या बाजूच्या अस्तराला टेकलं होतं. रोज तिथेच टेकत असल्यासारखं. आमच्या गाडीचं अस्तर त्या जागी स्वच्छ होतं.

मला तो तळहाताएवढा डाग दिसला. बोटाला लागलेलं खोबरेल आठवलं. लाल पेनानं मारलेली रेघ आठवली.

"तू इथंच बसायचीस," मी म्हटलं.

तिनं डोळे उघडले. "हाव."

"दर वेळी?"

"मधात तुमी, सासूबाई आन् दादा," ती म्हणाली. "पोरं लहान होते, त्याईले घेऊन मी मागं. मंग कुठी बसू?"

ती तक्रार करत नव्हती, खरंच विचारत होती. मी नऊ वर्षं 'बाकीचे मागे' म्हणत होते. बाकीचे म्हणजे ती होती.

"अगं, पण गाडी तुझी होती," मी म्हटलं.

"माझी काहून?" ती हसली. "मले तर चालवताबी येत नाई."

मग तिनं पुन्हा डोकं टेकलं. मला लाज वाटली, दाढेखाली लवंग होती तरी तोंड कडू झालं. आणि तेवढ्यातही, सांगायला नको पण सांगते, मला तिचा हेवा वाटला. तास झाला नव्हता तर मी मनातल्या मनात ह्यांच्याशी, दिरांशी, मामाजींशी आणि गाडी बनवणाऱ्यांशी भांडून झाले होते. ही अशी बसून अकोला-अमरावती करत आली आणि एकदाही कोणाला काही म्हणाली नाही. अंगणात मी तो डाग मोजला तेव्हाही, तो माझ्या डोक्याचा आहे, एवढं म्हणाली असती तरी मी तिथल्या तिथे गार झाले असते. ती डाग निघत नाही म्हणाली आणि मला ताक दिलं.

बडनेरा गेलं. आमची गल्ली आली. फाटकाशी गाडी थांबली, ठरल्याप्रमाणे वकिलीणबाई तांब्या घेऊन पुढे झाल्या, मधलं दार उघडलं आणि मामाजी काठी घेऊन उतरले.

"अगंबाई, महालक्ष्म्या कुठे आहेत?" वकिलीणबाई म्हणाल्या.

"मागं हायेत," मामाजी म्हणाले.

जाऊ माझ्यासमोरून सरकली, त्या वीतभर वाटेतून वाकून, कनिष्ठेला छातीशी धरून बाहेर गेली. मी उठायला गेले तर डाव्या पायाला मुंग्या आलेल्या. उजवा पाय पेटीत अडकला. ज्येष्ठेची सुपली मामाजींच्या खुर्चीवर ठेवली, आणि बसल्या बसल्या पुढे सरकू लागले. पदर कळीत अडकला तो सोडवला. बाहेर काय चाललंय ते मला दिसत नव्हतं, फक्त वकिलीणबाईंचा आवाज येत होता.

"तुम्ही तर या पुढे, पाणी घालते तुमच्या पायावर. ऊन किती आहे."

"थांबा," जाऊ म्हणाली. "ताईले येऊ द्या."

मला उतरायला बराच वेळ लागला. साडी पार चुरगळली होती. ज्येष्ठेला घेऊन कंबर सरळ केली तेव्हा सगळे अजून फाटकाबाहेरच उभे होते. ती सगळ्यांच्या पुढे, उन्हात, कपाळावरचा घाम न पुसता कनिष्ठेला दोन्ही हातांत धरून माझी वाट पाहत होती. त्या फाटकात मी तिच्यासाठी एकदाही थांबले नव्हते.